अमेरिकेची यादवी आणि आमचा मुलूख

अमेरिकेतील यादवी युद्ध संपल्याची वार्ता १८६५ सालच्या वसंतात जेव्हा मुंबई बंदरी येऊन पोहोचली, तेव्हा त्या नगरीतील पेढ्यांवर आणि वखारींतून जी अवकळा पसरली तिचे वर्णन वाचताना मन विषण्ण होते. कारण ज्या घटनेने सुमारे ४० लक्ष माणसांच्या दास्याचा शेवट जवळ आणला, तीच घटना आपल्या इलाख्यातील व्यापाऱ्याला, दलालाला आणि काही अंशी काळ्या रानातील कुणब्यालाही सर्वनाशाची वाटली. मुक्तीचा आनंद आणि दिवाळखोरीचा आकांत एकाच तारखेला जन्मास यावेत, आणि त्यांपैकी दुसऱ्याचीच आठवण आपल्याकडे दीर्घकाळ राहावी, ही गोष्ट मला विचार करण्याजोगी वाटते.

ज्या काकती गावी बसून हे लिहितो आहे, ते बेळगावच्या उत्तरेस, पुणे-बंगळूर हमरस्त्यावर वसलेले असून कित्तूरच्या राणी चन्नम्मांचे माहेर म्हणून सर्वांस परिचित आहे. येथून पश्चिमेकडे वळले की भाताची खाचरे, तांबडी माती आणि पुढे खानापुराकडील गर्द अरण्य लागते. पूर्वेकडे वळले की बैलहोंगल, सौंदत्ती, गोकाक या बाजूची काळी, उन्हाळ्यात भेगाळणारी कापसाची जमीन सुरू होते. अमेरिकेतील त्या युद्धाचा संबंध या दोन्ही दिशांशी पोहोचतो: काळ्या जमिनीशी कापसामुळे, आणि अरण्याशी दास्यातून निसटलेल्या माणसांमुळे. म्हणून ते युद्ध कसे संपले, ही कथा आपल्याला परकी नाही.

अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत १८६० साली कापूस पेरणारे, खुरपणारे आणि वेचणारे हात गुलामांचे होते. त्या सालच्या शिरगणतीप्रमाणे अमेरिकेची एकंदर लोकसंख्या ३ कोटी १४ लक्ष होती आणि तीत सुमारे ३९ लक्ष ५० हजार माणसे दुसऱ्याच्या मालकीची होती. त्यांचे लिलाव होत, त्यांच्या अपत्यांची वाटणी होई, आणि मालकाच्या कर्जापायी नवरा एका प्रांती तर बायको दुसऱ्या प्रांती विकली जाई. इंग्लंडातील लँकेशायरच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी जवळजवळ चार पंचमांश या मळ्यांतून येत असल्यामुळे, आपण तीन वर्षे कापूस दिला नाही तर इंग्लंड कोलमडून पडेल, असे दक्षिणेतील पुढारी आपल्या सिनेटात उघडपणे बोलून दाखवीत असत.

हे परावलंबित्व इंग्रजांना फार पूर्वीपासून सलत होते, आणि येथेच आपला मुलूख या कथेत प्रवेश करतो. कंपनी सरकारने १८४० साली अमेरिकेच्या दक्षिण राज्यांतून दहा अनुभवी मळेवाले हिंदुस्थानात आणविले. त्यांतील मर्सर नामक गृहस्थाच्या देखरेखीखाली हुबळीजवळ कुसुगल येथे सरकारी शेत उघडण्यात आले, आणि न्यू ऑर्लिन्सच्या बियाण्याचा प्रयोग अन्यत्र बहुधा फसला असता धारवाडच्या काळ्या मातीत मात्र तो रुजला. लांब धाग्याचा हा कापूस पुढे ‘धारवाड-अमेरिकन’ या नावाने बाजारात ओळखला जाऊ लागला. चाबकाच्या धाकाखाली गुलामांकडून करवून घेतलेल्या शेतीत जे कसब तयार झाले होते, तेच कसब शिकवण्यासाठी ही माणसे इकडे आली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे जगाच्या व्यापारात निरपराध असा एकही धागा शोधून काढणे किती दुर्घट आहे याची कल्पना येते.

नोव्हेंबर १८६० मध्ये अब्राहम लिंकन अध्यक्षपदी निवडून आले. नव्या प्रदेशांत गुलामगिरीचा प्रसार होऊ द्यावयाचा नाही, एवढीच त्यांच्या पक्षाची प्रतिज्ञा होती. परंतु तेवढ्यानेही दक्षिणेतील मळेवाल्यांचे आसन डळमळले आणि एकामागून एक अकरा राज्ये संघराज्यातून फुटून निघाली. हे युद्ध गुलामगिरीकरिता नव्हे तर राज्यांच्या स्वायत्ततेकरिता झाले, असे प्रतिपादन पुढे पुष्कळांनी केले. पण फुटून निघालेल्या राज्यांनी स्वतःच्या लेखी जाहीरनाम्यांत आपले हित गुलामगिरीशी एकजीव असल्याचे सांगितले आहे, आणि त्यांच्या नव्या राज्याचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मधील भाषणात, काळा मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाही हीच आमच्या इमारतीची कोनशिला होय, अशा आशयाचे उद्गार काढले आहेत. प्रतिपक्षाच्या मुखातून आलेल्या अशा कबुलीनंतर वाद घालावयास फारशी जागा उरत नाही.

१२ एप्रिल १८६१ रोजी संघराज्याच्या फोर्ट सम्टर किल्ल्यावर दक्षिणेकडून तोफा डागल्या गेल्या, आणि लिंकन यांनी दक्षिणेच्या सर्व बंदरांची नाकेबंदी पुकारली. कापसाची जहाजे अडली, लँकेशायरच्या गिरण्या थंडावल्या, आणि लिव्हरपूलच्या बाजारात कापसाचा भाव पाहता पाहता चौपट झाला. अमेरिकेचा कापूस बंद झाला म्हटल्यावर इंग्लंडची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळणे क्रमप्राप्तच होते. धारवाड-बेळगावचा कापूस त्या काळी बैलांच्या पाठीवरून आणि गाड्यांतून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरास जाई; आगगाडी तर बेळगावास त्यानंतर वीस-बावीस वर्षांनी आली. कारवारचे उत्तम बंदर या व्यापारास सोयीचे व्हावे, म्हणून १८६२ साली उत्तर कानडा जिल्हा मद्रास इलाख्यातून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला, आणि मँचेस्टरच्या एका कंपनीने सदाशिवगडास यंत्रेसुद्धा धाडली. जिल्ह्याच्या सीमा राज्यकर्त्यांच्या सोयीने कशा हलतात, हे आम्हां सीमाभागातील लोकांस कोणी समजावून सांगावयास नको. परंतु त्या वेळची ती हालचाल समुद्रापलीकडच्या एका युद्धामुळे झाली, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. भाव वाढला तशी भेसळही वाढली. रुईत सरकी, माती, दगड भरून वजन वाढवण्याचा प्रकार इतका माजला की १८६३ साली मुंबई सरकारला कापसातील लबाडीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ते युद्ध संपले कसे?

इतिहासाच्या शालेय पुस्तकांत या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत दिलेले असते: लिंकन यांनी १ जानेवारी १८६३ रोजी मुक्तीचा जाहीरनामा काढला, आणि ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचे सेनापती जनरल ली शरण आले. ही दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु त्यांनी जे चित्र उभे राहते ते अपुरे आहे, कारण त्यात ज्यांच्या मुक्तीचा प्रश्न होता ती माणसे नुसती हात पसरून उभी असलेली दिसतात. प्रत्यक्षात आरंभ त्यांनीच केला. युद्धाला तोंड लागून दीड महिनाही झाला नव्हता, तोच मे १८६१ मध्ये व्हर्जिनियातील फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी व जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम एका रात्री होडीतून मन्रो किल्ल्यातील उत्तरेच्या छावणीत येऊन दाखल झाले. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस त्यांना परत मागण्यासाठी आला, तेव्हा किल्ल्याचे अधिकारी जनरल बटलर यांनी असा पेच टाकला की, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे हे गुलाम म्हणजे माल आहे आणि तो माल तुम्ही आमच्याविरुद्ध तटबंदी बांधण्याच्या कामी लावला आहे; तेव्हा शत्रूचा युद्धोपयोगी माल म्हणून तो आम्ही जप्त करतो. माणसाला माल म्हणण्याची ही भाषा मानहानिकारक होती खरी, पण त्या भाषेच्या फटीतून हजारो माणसे बाहेर पडली. युद्ध संपेपर्यंत सुमारे पाच लक्ष गुलाम आपले मळे सोडून उत्तरेच्या फौजांच्या आश्रयास आले होते.

लिंकन स्वतः आरंभी फार सावधपणे पावले टाकीत होते. संघराज्य अभंग राखणे हा आपला हेतू आहे, एवढेच ते सांगत. कारण गुलामगिरी असूनही उत्तरेच्या बाजूस राहिलेली डेलावेअर, मेरीलँड, केंटकी व मिसूरी ही चार राज्ये बिथरतील अशी त्यांना धास्ती होती. त्यांचा मुक्तीचा जाहीरनामादेखील बंडखोर प्रदेशापुरताच लागू होता, म्हणजे ज्या ठिकाणी त्यांचा अंमल चालत नव्हता तेथील गुलाम कागदावर मुक्त झाले आणि जेथे अंमल चालत होता तेथील गुलाम जेथल्या तेथे राहिले. या विसंगतीवर त्या काळीही टीका झाली. परंतु जाहीरनाम्यात आणखी एक कलम होते आणि माझ्या मते तेच अधिक निर्णायक ठरले: काळ्या पुरुषांना फौजेत भरती होण्याची मुभा. सुमारे १ लक्ष ८० हजार काळे शिपाई उत्तरेच्या फौजेत दाखल झाले आणि त्यांतील बहुतेक काल-परवापर्यंत गुलाम होते. ज्या हातांनी दक्षिणेची शेते पिकत होती तेच हात आता दक्षिणेवर बंदूक रोखून उभे राहिले. तिकडचे उत्पन्न घटले आणि इकडचे बळ वाढले, असा दुहेरी परिणाम त्यातून घडून आला.

जुलै १८६३ मध्ये पेनसिल्व्हेनियातील गेटिसबर्ग येथे लींची चढाई परतवली गेली आणि त्याच आठवड्यात मिसिसिपी नदीवरील व्हिक्सबर्ग उत्तरेचे जनरल ग्रँट यांच्या हाती पडले. तरीही युद्ध लांबत गेले. १८६४ च्या उन्हाळ्यात उत्तरेतील जनता इतकी थकली होती की, लिंकन यांना आपण पुन्हा निवडून येऊ असा भरवसा उरला नव्हता. त्यांचा पराभव झाला असता तर गुलामगिरी कायम ठेवून तह होण्याचा संभव होता. सप्टेंबरच्या आरंभी उत्तरेचे जनरल शर्मन यांनी अटलांटा घेतल्याची बातमी आली आणि वारे फिरले. त्याच सुमारास ग्रँट यांनी व्हर्जिनियात पीटर्सबर्गभोवती वेढा आवळीत आणला होता, आणि त्या खंदकांच्या रांगांतून लींची फौज उपासमारीने आणि पळून जाणाऱ्या शिपायांनी दिवसेंदिवस झिजत होती.

रणांगणावर हे चालले असता वॉशिंग्टनमध्ये दुसरी लढाई चालू होती. जाहीरनामा हा युद्धकाळातील हुकूम. युद्ध संपल्यावर न्यायालये तो रद्द ठरवतील अशी भीती लिंकन यांना होती. म्हणून गुलामगिरी राज्यघटनेनेच नष्ट करणारी तेरावी दुरुस्ती मांडण्यात आली. सिनेटने ती एप्रिल १८६४ मध्ये संमत केली होती, पण प्रतिनिधिगृहात दोन तृतीयांश मते जमत नव्हती. मनधरणी, वचने, नेमणुकांची आमिषे असे सर्व उपाय योजून ३१ जानेवारी १८६५ रोजी ती ११९ विरुद्ध ५६ मतांनी पार पडली. त्यानंतर तीनच दिवसांनी हॅम्प्टन रोड्स येथे एका आगबोटीवर लिंकन आणि दक्षिणेचे वकील तहाच्या बोलण्यासाठी भेटले. दक्षिणेच्या वतीने आलेल्या तिघांत स्टीफन्सही होते. संघराज्यात परत या, शस्त्रे खाली ठेवा आणि गुलामगिरीच्या बाबतीत एक पाऊलही मागे येणार नाही, या तीन गोष्टींवर लिंकन अढळ राहिले आणि बोलणी फिसकटली. याच्या पुढच्याच महिन्यात दक्षिणेच्या काँग्रेसने, गुलामांनाच आपल्या फौजेत भरती करण्याचा ठराव संमत केला. जे राज्य गुलामगिरीच्या रक्षणासाठी उभे राहिले, त्यालाच आपल्या रक्षणासाठी गुलामांपुढे पदर पसरावा लागला, तेव्हाच ते आतून संपले असे मी मानतो. उरला होता तो नुसता लष्करी निकाल.

२ एप्रिल रोजी पीटर्सबर्गची फळी फुटली आणि ३ एप्रिलला राजधानी रिचमंड उत्तरेच्या हाती आली. शहरात प्रथम शिरलेल्या पथकांत काळे शिपाई होते. दुसऱ्या दिवशी लिंकन तेथे पायी फिरले, तेव्हा काल मुक्त झालेल्या स्त्री-पुरुषांनी त्यांच्याभोवती गर्दी केली. ली आपली उपाशी फौज घेऊन पश्चिमेकडे सरकत राहिले, पण अमेलिया येथे पोहोचेल म्हणून वाट पाहिलेली रसद तेथे आलीच नव्हती आणि ग्रँट यांच्या घोडदळाने पुढची वाट अडवली. अखेर रविवार, ९ एप्रिल १८६५ रोजी ॲपोमॅटॉक्स कोर्ट हाउस नावाच्या खेड्यात, विल्मर मॅक्लेन नावाच्या एका गृहस्थाच्या बैठकीत, दोघे सेनापती समोरासमोर बसले. ली नवा पोशाख करून, कमरेला तलवार लावून आले होते. ग्रँट यांच्या अंगावर साध्या शिपायाचा कोट आणि बुटांना चिखल होता. मॅक्लेन पूर्वी मनॅससजवळ राहत आणि युद्धाची पहिली मोठी लढाई त्यांच्या शेतावर झाली होती, म्हणून शांततेसाठी ते इतक्या दूर राहावयास आले होते.

अटी उदार होत्या. शिपायांनी पुन्हा शस्त्र धरणार नाही असे वचन देऊन घरी जावे, अधिकाऱ्यांनी आपली कमरेची हत्यारे व घोडे जवळ ठेवावेत, आणि ज्या शिपायाचा घोडा स्वतःचा असेल त्याने तो नांगरणीसाठी बरोबर न्यावा. शिवाय उपाशी फौजेसाठी २५ हजार शिधे ग्रँट यांनी तत्काळ पोहोचवले. या कलमांची स्वच्छ प्रत ज्याने लिहून काढली तो ईली पार्कर हा अधिकारी सेनेका जमातीचा, म्हणजे अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी होता. ग्रँट यांची ही उदारता पुष्कळांनी वाखाणली आहे आणि ती वाखाणण्याजोगीच आहे. मात्र त्या बैठकीत ४० लक्ष मुक्त माणसांना नांगर, बैल, जमीन काय मिळणार, याचा उच्चारही झाला नाही, आणि पुढील शंभर वर्षांचे दुःख या एका अनुच्चारित प्रश्नात साठलेले होते.

लोक समजतात तसे युद्ध त्या दिवशी संपले नाही. १४ एप्रिलच्या रात्री नाट्यगृहात लिंकन यांच्यावर गोळी झाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी प्राण सोडला. २६ एप्रिलला नॉर्थ कॅरोलायनात जनरल जॉन्स्टन यांनी शर्मन यांच्यापुढे सुमारे ८९ हजार माणसांसह शस्त्रे ठेवली. संख्येने पाहता ही शरणागती ॲपोमॅटॉक्सपेक्षा कितीतरी मोठी होती. १० मे रोजी दक्षिणेचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस जॉर्जियात पकडले गेले. १२ व १३ मे रोजी टेक्ससमध्ये पाल्मिटो रँच येथे अखेरची लढाई झाली, आणि ती, निरर्थकपणे, दक्षिणेने जिंकली. टेक्ससमधील सुमारे अडीच लक्ष गुलामांना आपण मुक्त आहोत हे अधिकृतपणे कळले ते १९ जूनला, जनरल ग्रेंजर गॅल्व्हेस्टन बंदरी उतरून हुकूम वाचून दाखवते झाले तेव्हा. तो दिवस तिकडील काळे लोक आजही सणासारखा पाळतात. केंटकी आणि डेलावेअर या राज्यांत तर गुलामगिरी त्यानंतरही कायदेशीर होती. ६ डिसेंबर १८६५ रोजी जॉर्जियाच्या मान्यतेने ३६ पैकी २७ राज्यांची पूर्तता झाली, १८ डिसेंबरला तशी घोषणा झाली, आणि तेव्हा कोठे मुक्तीला राज्यघटनेचे बळ मिळाले. सव्वासहा लक्षांच्या आसपास माणसे या युद्धात मेल्याचे पूर्वापार सांगितले जाते. अलीकडील अभ्यासक हा आकडा सात लक्षांच्या पुढे नेतात.

आता पुन्हा मुंबईकडे पाहू. युद्धकाळात नेहमीपेक्षा कोट्यवधी पौंड अधिक संपत्ती या शहरात ओतली गेली होती, आणि तिला योग्य वाट न सापडल्यामुळे सट्ट्याचा ज्वर चढला होता. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीच्या ५,००० रुपयांच्या भागाचा भाव ५० हजारांच्या घरात गेला. रोज नवी बँक, नवी मंडळी निघे. लींच्या शरणागतीची बातमी येताच कापसाचा भाव गडगडला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्याचे सौदे पुरे करण्याची मुदत येऊन ठेपली तेव्हा देणारे आणि घेणारे दोघेही बुडालेले होते. त्या सट्ट्याचे अध्वर्यू प्रेमचंद रायचंद यांचे वैभव लयास गेले, जुनी बँक ऑफ बॉम्बे बंद करावी लागली. प्रेमचंद यांनी तत्पूर्वी दिलेल्या देणगीतून त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई मनोरा मात्र पुढे उभा राहिला.

घाटमाथ्यावरील कुणब्यावर याहून वाईट प्रसंग आला. कापसाच्या भावावर त्याने लग्ने केली होती, विहिरी काढल्या होत्या, आणि सावकाराने त्याला मोकळ्या हाताने कर्ज दिले होते. भाव उतरला तरी कर्जरोख्यांवरील आकडा उतरला नाही आणि सरकारी सारा तर फेरपाहणीत अनेक ठिकाणी वाढवण्यात आला. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्ध जे दंगे उसळले, आणि ज्यांत शेतकऱ्यांनी मुख्यतः खते व दस्तऐवज जाळले, त्यांच्या चौकशीत अमेरिकन युद्धाने आलेली क्षणिक तेजी हे एक कारण म्हणून नमूद झाले. पुढे लगेच १८७६-७८ चा दुष्काळ आला आणि त्याने बेळगाव, धारवाड, कलादगी हा सारा मुलूख होरपळून काढला.

या दुःखाची मी उपेक्षा करीत नाही. तरीही याच युद्धात ज्यांच्या पोटावर आमच्याइतकाच पाय आला त्या मँचेस्टरच्या गिरणी कामगारांची आठवण केल्यावाचून राहवत नाही. कापूस बंद झाल्याने ते उपाशी होते; दक्षिणेचा पक्ष इंग्लंडने घ्यावा, नाकेबंदी फोडावी, म्हणजे गिरण्या चालू होतील, असे त्यांना सुचवले जात होते. असे असता ३१ डिसेंबर १८६२ रोजी त्यांनी सभा भरवून, गुलामगिरीचा नाश करण्याच्या कार्यास आमचा पाठिंबा आहे, असे पत्र लिंकन यांस धाडले, आणि लिंकन यांनी जानेवारीत त्याचे कृतज्ञतेने उत्तर दिले. आपल्या इलाख्यातील धनिकांत अशी एक तरी सभा भरली असती तर आज आपल्याला किती बरे वाटले असते!

आपल्याकडे गुलामगिरी नव्हती, म्हणून ती सहानुभूती उपजली नाही, असे कोणी म्हणेल. हे खरे नाही. पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणी आणि बटकी यांच्या खरेदी-विक्रीचे, त्यांच्या किमतींचे, त्यांवरील जकातीचे उल्लेख सापडतात. व्यभिचाराच्या आरोपावरून सरकारजमा केलेल्या स्त्रियांना दास्यात ढकलण्याची चालही होती. १८४३ च्या पाचव्या कायद्याने कंपनी सरकारने एवढेच केले की, कोणाही माणसावर गुलाम म्हणून हक्क सांगणारा दावा न्यायालय ऐकणार नाही आणि साऱ्याच्या थकबाकीपोटी माणसे विकली जाणार नाहीत, असे ठरवले. गुलाम विकणे वा विकत घेणे हा गुन्हा ठरला तो भारतीय दंडसंहिता १ जानेवारी १८६२ रोजी अंमलात आली तेव्हा, म्हणजे लिंकन यांच्या जाहीरनाम्याच्या बरोबर एक वर्ष आधी. येथे युद्ध झाले नाही, रक्त सांडले नाही. त्यामुळे त्या मुक्तीची जाणीवही समाजाच्या मनात खोलवर उतरली नाही.

ती उतरली एका पुरुषाच्या मनात. मुंबईच्या बाजाराने ज्या विजयाचे सुतक पाळले, त्या विजयाबद्दल पुण्याच्या जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सज्जन लोकांना अर्पण केला आणि नीग्रो दास्यविमोचनात त्यांनी दाखवलेल्या निःस्वार्थ त्यागाचा गौरव केला. आपल्या देशबांधवांनी तोच कित्ता गिरवून शूद्रातिशूद्रांना ब्राह्मणी दास्यातून सोडवावे, ही त्यांची आकांक्षा होती. कापसाच्या भावाने हिंदुस्थान अमेरिकेशी जोडला गेला होता हे सर्वांना दिसत होते. पण मनुष्याच्या अवमानाने ते दोन देश त्याहून घट्ट जोडलेले आहेत हे मराठीत प्रथम फुल्यांनी सांगितले. ते हे लिहीत होते तेव्हा तिकडे मुक्त माणसांचे हाल पुन्हा सुरू झाले होते. तेराव्या दुरुस्तीत गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीच्या मजुरीस वाव ठेवला होता, त्याचा आधार घेऊन काळ्यांना क्षुल्लक अपराधांवरून तुरुंगात घालून मळ्यांवर मजुरीस देण्यात येत होते, आणि १८७७ साली दक्षिणेतून फौजा काढून घेण्यात आल्यावर मताचा हक्कही हळूहळू हिरावला गेला. पुढे डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस या काळ्या विद्वानाने १९३५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, मळे सोडून निघालेल्या गुलामांनी एक प्रकारचा सार्वत्रिक संपच केला आणि त्यानेच युद्धाचा निकाल लावला, असे साधार मांडले. एप्रिल १९२५ मध्ये आमच्या निपाणीत भरलेल्या बहिष्कृत परिषदेचे अध्यक्षस्थान ज्यांनी भूषवले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोलंबिया विद्यापीठाचे विद्यार्थी. त्यांनी १९४६ साली याच डु बॉइस यांना पत्र लिहून, नीग्रो आणि अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्याचा अभ्यास आपण आवश्यक मानतो असे कळवले, आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे नीग्रोंनी केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती.

डु बॉइस यांचा तो सिद्धान्त पटवून घेण्यासाठी मला अमेरिकेस जावे लागत नाही. खानापूरच्या जंगलात गेले तरी पुरते. तेथे, आणि लगतच्या हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, जोयडा, कलघटगी या भागांत सिद्दी लोकांची वस्ती आहे. त्यांतील बहुतेकांचे पूर्वज आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून, विशेषतः मोझांबिककडून, पोर्तुगिजांनी गोव्यात गुलाम म्हणून आणलेले. पोर्तुगीज सरकारने आपल्या वसाहतींतील गुलामगिरी रद्द केल्याचे फर्मान १८६९ साली काढले आणि त्यातही मुक्तांना आणखी काही वर्षे जुन्या धन्याकडे राबणे बंधनकारक ठेवले; परंतु सिद्दींपैकी पुष्कळांनी त्या फर्मानाची वाट पाहिली नव्हती. सह्याद्रीचे घाट चढून, वाघ-अस्वलांच्या रानात शिरून त्यांनी आपली सुटका आपणच करून घेतली होती. मराठी व कानडी शब्दांची सरमिसळ असलेली कोकणी त्यांच्या घरांत बोलली जाते. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि ‘दमाम’ नावाच्या मोठ्या ढोलावर सणावारी त्यांचा नाच रंगतो. इतके जवळचे हे लोक, पण बेळगावच्या बाजारात एखादा सिद्दी दिसला की अजूनही लोक त्याला परदेशी समजून न्याहाळतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. त्याचे पूर्वज या डोंगरांत आपल्यांतील कित्येकांच्या घराण्यांहून आधी येऊन राहिलेले असतील.

उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळाले ते २००३ साली. बेळगाव आणि धारवाड जिल्ह्यांतील त्यांच्या सोयऱ्यांना तेच स्थान मिळण्यासाठी संसदेला २०२० साली वेगळा कायदा करावा लागला. मधली सतरा वर्षे एकाच कुळातील माणसे जिल्ह्याच्या हद्दीच्या एका बाजूस आदिवासी म्हणून शिष्यवृत्तीस व राखीव जागेस पात्र होती आणि दुसऱ्या बाजूस नव्हती.